हार्ड डिस्क आजारी पडते तेव्हा

संगणक बिघडला, असे आपण सरसकट म्हणतो. परंतु या एका शब्दात निरनिराळी कितीतरी दुखणी कोंबलेली असतात. अंग दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला साधे पडसेही झालेले असू शकते आणि मलेरियाही. बटण दाबले, दिवा लागला, पंखा घरघरला, पडद्यावर कंपनीचे नाव उमटले आणि तेथेच घोडे अडले, एवढ्या वर्णनावरून रोग कळत नाही. या लेखात मी त्यांपैकी एकाच दुखण्याचा विचार करणार आहे. संगणकाची हार्ड डिस्क हळूहळू निकामी होत चालली आहे आणि त्यामुळे यंत्र सुरू होत नाही, हे ते दुखणे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ही उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. आपली सारी सामग्री एके काळी कागदावर असे, आणि तो कागद आता हार्ड डिस्कवर जाऊन बसला आहे, हे त्याचे उत्तर. शोधनिबंधाची टिपणे, मुलाखती, हस्तलिखितांची छायाचित्रे, याच वार्षिकासाठी आलेले लेख, सगळे तेथे. वहीला वाळवी लागली तर निदान भुसा दिसतो. डिस्कची वाळवी दिसत नाही.

म्हणून एक गोष्ट आरंभीच सांगते. यंत्र सुरू होत नाही ही एक अडचण आहे आणि आतला मजकूर धोक्यात आहे ही दुसरी. दोन्ही एकदमच पुढ्यात येतात. पहिलीचा गलका मोठा, म्हणून आपण तिच्यामागे धावतो. आणि गंमत अशी, की पहिलीवरचे बहुतेक घरगुती उपाय दुसरीच्या जिवावर उठणारे असतात. हे कसे, ते समजण्यासाठी बटण दाबल्यापासून पुढे काय घडते ते थोडे पाहावे लागेल.

संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलणे, अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे, त्यावरून हा शब्द पडला. कोडेही तसेच आहे. संगणक चालवणारी प्रणाली, मग ती विंडोज असो वा लिनक्स, डिस्कवर असते. पण डिस्क वाचायची कशी, हे सांगायला आधी कोणीतरी जागे असावे लागते. यातून वाट अशी काढली आहे, की मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये एक छोटासा कार्यक्रम ठेवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. बोलण्यात मात्र 'बायोस' हेच नाव टिकून आहे. वीज येताच तो स्मृती, कळफलक, पडदा यांची हजेरी घेतो आणि मग डिस्क शोधतो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत पुढचा पत्ता लिहिलेला असे. नव्या पद्धतीत त्यासाठी डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र कप्पा राखलेला असतो. तेथून एक छोटा कार्यक्रम उचलला जातो, तो प्रणालीचा गाभा उचलतो, गाभा आणखी शेकडो फायली उचलतो. रिले शर्यतीसारखेच हे आहे. कोणत्याही एका गड्याच्या हातून काठी निसटली की शर्यत तेथे थांबते, बाकीचे कितीही तगडे असोत. शर्यत कोठे थांबली ते नीट पाहिले तर कोणाच्या हातून काठी निसटली याचा अंदाज येतो.

आता प्रत्यक्ष हार्ड डिस्ककडे वळू. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या साऱ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज खिशात मावणाऱ्या डिस्कवर त्याच्या लाखो पट मजकूर बसतो. परंतु तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीक हात आत-बाहेर सरकतो. त्या हाताच्या टोकाला लिहिणारे-वाचणारे शीर्ष असते. ग्रामोफोनची आठवण व्हावी असेच हे दृश्य आहे, फरक इतकाच, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते आणि येथे शीर्ष टेकता कामा नये. ते तबकडीसोबत फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तरंगते. ही उंची अवघी काही नॅनोमीटर असते; माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर धरली, तर अंतर किती कमी आहे हे ध्यानात येईल. टेबलावरच्या संगणकात तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावत असते. एवढ्या वेगात, एवढ्या उंचीवरून, वर्षानुवर्षे न टेकता उडत राहायचे! ती बिघडते कशी यापेक्षा ती इतके दिवस चालते कशी, याचेच मला अधिक आश्चर्य वाटते.

तबकडीवरचा मजकूर लहान लहान तुकड्यांत असतो, त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कवर सेक्टर ५१२ बाइटांचा असे, अलीकडच्या डिस्कवर तो बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. प्रत्येक सेक्टरसोबत ताळा पाहण्यासाठी थोडे जादा आकडे लिहिलेले असतात, त्यामुळे एखाददुसरे अक्षर पुसट झाले तरी डिस्क ते आपल्या आपण सुधारून घेते. फारच पुसट झालेला सेक्टर ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते. नाहीच जमले, तर त्याची 'संशयित' म्हणून नोंद करते, आणि पुढे त्याच जागी काही लिहायची वेळ आली आणि तेही धड उतरले नाही, तर राखीव जागेतला एक चांगला सेक्टर त्याच्या ऐवजी वापरू लागते. हा सगळा कारभार आपल्याला न कळवता चाललेला असतो. सोशिक बाईसारखी डिस्क दुखणे अंगावर काढते, आणि ज्या दिवशी ती अंथरुणाला खिळते त्या दिवशी घरात सगळ्यांना 'अचानक' वाटते.

मात्र आपल्या दुखण्याची डायरी डिस्क स्वतःपाशी ठेवते. 'स्मार्ट' या नावाने ती ओळखली जाते आणि मोफत मिळणाऱ्या साध्या कार्यक्रमांनी ती वाचता येते. तिच्यातल्या बहुतेक आकड्यांकडे दुर्लक्ष केले तरी चालते. चार ओळी मात्र पाहाव्यात. ५ क्रमांकाच्या ओळीत बदली केलेले सेक्टर, १९७ मध्ये संशयित सेक्टर, १९८ मध्ये न सुधारता आलेले सेक्टर आणि १९९ मध्ये डिस्क व संगणक यांच्यामधल्या केबलवर झालेल्या चुका असतात. पहिल्या तीन ओळींत शून्याखेरीज काही दिसले आणि ते वाढत असले, तर डिस्कचे दिवस भरत आले असे समजावे. चौथी ओळ वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहावी. शे-दोनशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क भंगारात जाऊ नये.

तथापि या डायरीवर फार विसंबूही नये. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, जिच्यात चूक सापडली नाही अशा डिस्कच्या मानाने, ३९ पट असते असे त्यांना आढळले. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या डायरीत महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही नोंदलेले नव्हते. म्हणजे डायरीत वाईट लिहिले असेल तर ते खरे मानावे. चांगले लिहिले असेल तर हायसे वाटून घेऊ नये.

आता निदान. पहिले साधन कान. डिस्कचा नेहमीचा आवाज एकसारखा, मंद घूं असा असतो, आणि मधूनमधून बारीक कुरकुर. याऐवजी ठराविक अंतराने 'टक्... टक्... टक्' असा आवाज येत असेल, तर शीर्षाला आपली वाट सापडत नाही, ते मागे परतते आणि पुन्हा प्रयत्न करते, असा त्याचा अर्थ. खरवडल्यासारखा आवाज त्याहून वाईट. शीर्ष तबकडीला टेकून लेप खरवडत असल्याची ती शक्यता. हे दोन आवाज ऐकताच वीज बंद करावी. आणखी एकदा चालू करून पाहू, हा मोह येथे आवरायचा असतो, कारण प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडा थोडा मजकूर पूड होऊन जात असतो आणि ती पूड आणखी खरवडते.

असा आवाज नसेल, तर बायोसमध्ये जाऊन पाहावे. यंत्र चालू होताच एफ-२, एफ-१२ किंवा डिलीट यांपैकी जी कळ त्या यंत्राला लागू असेल ती दाबत राहिले की तो पडदा उघडतो. तेथे डिस्कचे नाव आहे काय? नावच नसेल तर एकतर केबल निसटली आहे किंवा डिस्कचा आतला कारभार बंद पडला आहे. नाव आहे, पण ते यायला मिनिटभर लागते आणि तोवर सगळे गोठलेले असते, तर डिस्क आजारी आहे. नाव पटकन येते आणि तरीही 'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश येतो, तर दोष डिस्कच्या शरीरात नसून तिच्यावरच्या मजकुरात किंवा बायोसच्या मांडणीत असण्याचा संभव अधिक.

या शेवटच्या प्रकारात पुष्कळ वेळा भलतेच काही निघते. कोणीतरी पेन ड्राइव्ह लावून ठेवलेला असतो आणि यंत्र त्याच्यातच प्रणाली शोधत बसलेले असते. किंवा मदरबोर्डवरची नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. ती संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि बायोसच्या निवडी मूळ पदावर येतात. डिस्क ठणठणीत असून यंत्राला ती सापडत नाही. पडद्यावरची तारीख जुनी दिसली की माझा पहिला संशय या बॅटरीवर जातो. वीज गेल्याने होणारा घोटाळाही वेगळा ओळखावा. चालू संगणकाची वीज गेली तरी अलीकडच्या डिस्का फिरत्या तबकडीतल्या उरल्यासुरल्या शक्तीवर आपले शीर्ष सुखरूप बाजूला नेतात. परंतु अर्धवट लिहिली गेलेली फाइल अर्धवटच राहते. अशा वेळी डिस्क निरोगी असते आणि प्रणालीची दुरुस्ती बिनधास्त करता येते.

खरी कसोटी मधल्या प्रकारात लागते. यंत्र सुरू व्हायला निघते, विंडोजचे ठिपके गोल गोल फिरू लागतात, अर्धा तास फिरतच राहतात, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर' अशी अक्षरे येतात, यंत्र आपोआप बंद होऊन चालू होते आणि पुन्हा तेच. आमच्या मराठी विभागातल्या संगणकाचे अगदी हेच झाले होते.

त्या संगणकावर विभागातल्या विद्यार्थिनींनी पाच-सहा वर्षे आसपासच्या गावांत हिंडून केलेले ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते, सुमारे नव्वद तासांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या मानाने आमचे काम चिमूटभर. परंतु गाणाऱ्या आजींपैकी काही जणी आता नाहीत, आणि त्यांच्या ओव्या पुन्हा मिळवायला कोणत्या गावी जायचे? संगणक दुरुस्तीच्या दुकानात दाखवला तेव्हा तेथल्या गृहस्थांनी डिस्क फॉरमॅट करून, विंडोज नव्याने टाकून, संध्याकाळपर्यंत चालू करून देण्याची तयारी दाखवली. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आपण यंत्र चालू करायला सांगतो, ते यंत्र चालू करतात. विंडोज नव्याने टाकणे म्हणजे वीसेक गिगाबाइट नवा मजकूर जुन्याच्या डोक्यावर लिहिणे, हे ज्याच्या मजकुराला धोका आहे त्यानेच विचारायला हवे. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी ते एका वाक्यात सांगितले, "अगं, मशीन राहू दे गं बाजूला, आधी ओव्यांचं काय ते बघा." आधी लगीन कोंढाण्याचे, तसे.

आम्ही, म्हणजे संगणक कक्षातले सहायक सर आणि मी, संगणकातून डिस्क काढली आणि तिला तिच्याच विंडोजने सुरू करणे बंद केले. यामागचे कारण महत्त्वाचे आहे. विंडोज सुरू होताना डिस्कवर केवळ वाचत नाही. नोंदी, तात्पुरत्या फायली, दुरुस्तीच्या खुणा असे सतत लिहीतही असते. शिवाय सुरू होताना पुष्कळदा ती 'चेक डिस्क' नावाची तपासणी आपण होऊन आरंभते. निरोगी डिस्कवर ही तपासणी उपकारक आहे. आजारी डिस्कवर तीच घातक ठरते, कारण अनुक्रमणिकेतली एखादी ओळ वाचता आली नाही तर ती ओळ सदोष समजून तपासणी ती छाटते, आणि त्या ओळीमागच्या चांगल्या फायली अनाथ होतात. दम लागलेल्या माणसाला कवायत करायला लावण्यापैकीच हे आहे.

त्याऐवजी दुसऱ्या एका संगणकावर पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली सुरू करावी, आजारी डिस्क आणि तिच्याहून मोठी कोरी डिस्क अशा दोन्ही त्याला जोडाव्यात आणि एकीची दुसरीवर जशीच्या तशी नक्कल उतरवावी. फायली निवडत बसू नये. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळे घ्यावे. या कामासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत कार्यक्रम आहे. त्याची युक्ती मला फार आवडली. साधा नक्कल करणारा कार्यक्रम खराब सेक्टरपाशी आला की तेथेच डोके आपटत बसतो किंवा काम सोडून देतो. हा मात्र पहिल्या फेरीत अडेल तेथून पुढे उडी मारतो आणि जे सहज मिळते ते आधी पदरात पाडून घेतो. नंतरच्या फेऱ्यांत तो सुटलेल्या जागांकडे परततो, त्यांच्या कडा तासतो, आणि शेवटी एकेक सेक्टर खणून पाहतो. परीक्षेत हुशार मुलगी आधी येणारे प्रश्न सोडवते आणि अवघड गणिताकडे उरलेल्या वेळात वळते, तसे. डिस्क कोणत्याही क्षणी कायमची मिटेल ही भीती असताना हाच क्रम शहाणपणाचा.

कोठले मिळाले आणि कोठले राहिले याचा नकाशा हा कार्यक्रम एका छोट्या फाइलीत मांडत जातो. त्यामुळे काम मध्येच थांबवता येते, डिस्क तापली तर तिला विसावा देता येतो, वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र तो नकाशा वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावा. पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स बहुधा स्मृतीतच लिहिते, यंत्र बंद झाले की नकाशाही गेला. आणि दुसरी सूचना याहून कळकळीची: कोणती डिस्क मूळ आणि कोणती कोरी, हे त्यांच्या अंगावरच्या क्रमांकांशी पडताळून, दोघांनी वाचून, मगच आज्ञा द्यावी. नावांची अदलाबदल झाली तर कार्यक्रम कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर तितक्याच निष्ठेने उतरवील. आम्ही क्रमांक कागदावर लिहून एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवले होते.

आमची डिस्क ५०० गिगाबाइटांची होती. चांगल्या डिस्कची एवढी नक्कल दीड-दोन तासांत होते. येथे पहिल्या फेरीलाच संध्याकाळ झाली, आणि उरलेले कण वेचायला आणखी दोन रात्री लागल्या. अखेर ४६ सेक्टर, म्हणजे १,८८,४१६ बाइट, मिळाले नाहीत ते नाहीतच. पाचशे गिगाबाइटांत हे काहीच नव्हे. परंतु त्यांपैकी बरेचसे विंडोजच्याच एका फाइलीत निघाले, आणि यंत्र का अडत होते त्याचा उलगडा झाला. तीन सेक्टर एका ध्वनिफितीत होते.

एक सेक्टर गेला म्हणजे नेमके किती गेले, हे कशाचा मजकूर आहे यावर ठरते, आणि आपल्यासारख्यांना हे ठाऊक असावे. आमचे ध्वनिमुद्रण साध्या, न दाबलेल्या वेव्ह प्रकारात होते. त्यात सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. तीन सेक्टर म्हणजे सेकंदाचा चौदावा भाग. कान देऊन ऐकले तर ओवीच्या दुसऱ्या ओळीत एक बारीक खळ पडतो, जात्याच्या घरघरीत तो हरवूनही जातो. साध्या मजकुराच्या फाइलीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणून ४,०९६ बाइटांचा एक सेक्टर गेला तर सुमारे १,३६५ चिन्हे, अर्धे-पाऊण पान, गेले असे समजावे. बाकीचा निबंध शाबूत. पण तोच निबंध वर्डच्या नव्या प्रकारच्या फाइलीत असेल तर गोष्ट वेगळी. ती फाइल आतून दाबून बांधलेले गाठोडे असते. गाठोड्याची गाठच बिघडली तर पन्नास पानांपैकी एकही पान सरळ उघडत नाही. प्रबंध लिहिणाऱ्यांनी वरचेवर त्याची साध्या मजकुराची एक प्रत काढून ठेवावी, असे मला तेव्हापासून वाटते.

आणखी एक अनुभव खास मराठीचा. वाचवलेल्या डिस्कवरच्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या काही फायली उघडल्या, तर आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. क्षणभर सगळ्यांचे चेहरे उतरले. वास्तविक त्या फायली पूर्ण निरोगी होत्या. युनिकोड रूढ होण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती अशा फाँटांवर मजकूर छापत. त्यांत अक्षराचा क्रमांक इंग्रजीचाच असतो आणि मराठी रूप फाँट पुरवतो. नव्या यंत्रावर तो फाँट नसला की मराठी दिसत नाही. म्हणून नक्कल करताना जुन्या विंडोजमधला फाँटांचा कप्पाही हाती लागतो, हा संपूर्ण डिस्क उतरवण्याचा एक आडफायदा. नुसता 'डॉक्युमेंट्स' कप्पा उचलून आणला असता तर याच वार्षिकाचे जुने अंक वाचता आले नसते.

नक्कल हाती आल्यावर मगच दुरुस्ती, आणि तीही नकलेवर. तेथे चेक डिस्क खुशाल चालवावी. बिघडलेच तर मूळ आहे. अनुक्रमणिकाच गेलेली असेल तर फायलींच्या आतल्या ठराविक खुणा ओळखून त्या वेचणारे फोटोरेकसारखे कार्यक्रम आहेत. मात्र त्यांनी मिळवलेल्या फायलींना नावे नसतात. मुखपृष्ठे फाटलेल्या हजारभर पोथ्या समोर आल्यावर जे होईल ते होते, पण पोथ्या असतात. नव्या विंडोज संगणकांवर डिस्क बहुधा कुलूपबंद असते. तिची नक्कल होते, पण उघडायला ४८ आकड्यांची किल्ली लागते. ती किल्ली बहुतेक वेळा ज्याच्या खात्याने संगणक सुरू केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कॉलेजातला संगणक असेल तर ते खाते कोणाचे, याची चौकशी आजच करून ठेवलेली बरी.

वर सांगितलेला 'टक् टक्' करणारा किंवा मुळीच न फिरणारा रोगी मात्र घरगुती उपचाराचा नव्हे. त्याला धूळविरहित खोली असलेल्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागते. खर्च हजारांत जातो आणि हमी नसते. म्हणून आत काय आहे आणि त्याची किंमत आपल्याला किती, हे आधी ठरवावे. या बाबतीत काही तोडगे प्रचलित आहेत. डिस्क पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवणे हा त्यांतला प्रसिद्ध. बाहेर काढताच आत दव जमते आणि उरलीसुरली आशा मावळते. झाकण उघडून पाहणे हा दुसरा. काही नॅनोमीटर उंचीवरून उडणाऱ्या शीर्षाला आपल्या खोलीतला धुळीचा कण म्हणजे घाटात कोसळलेली दरड. तशाच दुसऱ्या डिस्कची खालची हिरवी पाटी काढून लावणे हा तिसरा. पूर्वी तो कधी कधी चाले, हल्ली त्या पाटीवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कचे बारकावे नोंदलेले असतात, त्यामुळे दुसरीची पाटी तिला मानवत नाही.

नव्या संगणकांत फिरणारी तबकडी नसते, तेथे एसएसडी असते. तिच्यात मजकूर विद्युतभाराच्या रूपाने चिपमध्ये राहतो. ती आपटली तरी सहसा काही होत नाही आणि वेगही कितीतरी अधिक. पण आजारपणात ती फिरत्या डिस्कपेक्षा घुमी. कानाला काही कळत नाही. काल चालत होती, आज बायोसमध्ये तिचे नावच नाही, असा प्रकार. काही एसएसडी मरताना केवळ वाचू देतात, लिहू देत नाहीत, ते एक सौजन्यच म्हणायचे. तशी संधी मिळाली तर लगेच नक्कल करावी. पुसलेली फाइल तिच्यातून परत मिळण्याची आशा फारच थोडी, आणि बरेच महिने विजेविना कपाटात पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू झिरपतो. जपणुकीसाठी तिच्यावर विसंबण्यापेक्षा फिरती डिस्क बरी. आमच्या ओव्या आता दोन फिरत्या डिस्कांवर आहेत, एक विभागात आणि दुसरी ग्रंथालयात, आणि तिसरी प्रत कॉलेजच्या बाहेर.

राहता राहिली जुनी डिस्क. ती लगेच टाकून देऊ नये. नकलेत काही राहून गेल्याचे दोन-तीन महिन्यांनीच लक्षात येते. भंगारात घालताना मात्र ती फोडून घालावी. आजारी डिस्क पूर्ण पुसता येत नाही, कारण बदली झालेल्या सेक्टरांपर्यंत आपले पुसणे पोहोचतच नाही, आणि कॉलेजच्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे पत्ते आणि गुणपत्रके असतात. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते, तिच्या ठिकऱ्या उडतात. फडक्यात गुंडाळूनच घाव घालावा. टेबलावरच्या संगणकातली ॲल्युमिनियमची असते, ती नुसती वाकते. आत शीर्षाचा हात हलवणारे दोन चपटे चुंबक सापडतात. ते इतके जोरकस असतात, की दोन्हींमध्ये बोट सापडले तर काळेनिळे होते. आमच्या डिस्कमधले दोन्ही सध्या विभागाच्या लोखंडी कपाटावर वेळापत्रक धरून आहेत.